हृदयापर्यंतची नळी आणि घरचे हात

अन्नावाचून देह तगत नाही, हे सांगण्यास वैद्य लागत नाही. परंतु ज्याचे आतडेच काढून टाकावे लागले, त्याने जगावे कसे? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या प्रश्नाला वैद्यकापाशी उत्तर नव्हते. शिरेतून ग्लुकोज देता येई. पण पूर्ण पोषण होईल इतके दाट द्रावण हाताच्या बारीक शिरेत सोडले, की दाह होऊन ती शीर निकामी होई.

उत्तराची वाट मात्र एका धाडसाने आधीच उघडून ठेवली होती. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्या हाताच्या शिरेतून एक नळी हृदयापर्यंत सरकविली आणि तशाच स्थितीत क्ष-किरण विभागात चालत जाऊन तिचे छायाचित्र घेतले. या कार्याचे चीज व्हावयास १९५६ चे नोबेल पारितोषिक उजाडावे लागले.

हृदयाजवळच्या महानीलेत रक्ताचा ओघ मोठा. तेथे दाट द्रावणही तत्काळ पातळ होते. या तत्त्वाचा आधार घेऊन फिलाडेल्फियात स्टॅन्ली डड्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम कुत्र्याची पिल्ले केवळ शिरेवाटे पोसून वाढविली. पुढे आतड्याच्या जन्मजात दोषामुळे अन्न घेऊ न शकणाऱ्या एका बालिकेलाही याच मार्गाने पोसले. हा वृत्तान्त १९६८ साली प्रसिद्ध झाला.

परंतु असा रुग्ण जगला, तरी रुग्णालयाच्या खाटेशी जखडला जाई. त्याला घरी धाडावे, तर ती नळी सांभाळणार कोण? १९७० मध्ये टोरोंटो येथे डॉ. खुर्शीद जीजीभॉय यांच्या देखरेखीखाली आतडे गमावलेल्या एका स्त्रीचे घरी शिरेवाटे पोषण सुरू झाले. ती पुढे सुमारे दोन दशके जगली. १९७३ साली सिएटलमध्ये ब्रोव्हिअॅक आणि स्क्रिब्नर यांनी सिलिकॉनची मऊ नळी पुढे आणली. ती छातीच्या कातडीखालून काही अंतर नेलेली असे, आणि तिच्यावर डॅक्रॉनचे एक लहानसे कडे असे. त्या कड्यात देहाची ऊती वाढून नळी जागच्या जागी रुजे आणि बाहेरच्या जंतूंची वाट बरीच अडे. १९७९ मध्ये हिकमन यांनी तिची अधिक रुंद आवृत्ती दिली.

मात्र नळीच्या बाहेरच्या तोंडाशी कारागिराची कला संपते आणि घरच्या माणसांचे व्रत सुरू होते. रात्री द्रावण जोडण्यापूर्वी साबणाने हात धुवावयाचे, टोपणाचे तोंड जंतुनाशकाने घासून वाळू द्यावयाचे, सकाळी द्रावण काढल्यावर सलाइनने नळी धुऊन बंद करावयाची. पट्टी ओली वा सैल झाली, तर ती त्वरित बदलावयाची. हे काम रुग्णाच्या आईला, पतीला, पत्नीला, पुष्कळदा खुद्द रुग्णालाच शिकावे लागले. ज्या वाटेने अन्न जाते, त्याच वाटेने जंतूही थेट रक्तात शिरू शकतात. म्हणून द्रावण सुरू होताच थंडी वाजून ताप भरला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, हा पहिला धडा असतो.

फोर्समानचे धाडस एका दिवसाचे होते. या घरांतील शिस्त मात्र रोजची असते आणि तिचे छायाचित्र कोणी काढून ठेवीत नाही. तरीही शिरेवाटे मिळणारे अन्न वर्षानुवर्षे अंगी लागते, ते या शिस्तीच्याच बळावर.