धोकटीतला वस्तरा

खंडाळा म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे बोरघाटातले थंड हवेचे ठिकाण उभे राहते. मला सांगायचे आहे ते दुसरे खंडाळे, सातारा जिल्ह्यातले. पुण्याहून निघालेली सडक शिरवळ मागे टाकते आणि खंबाटकीचा घाट चढू लागते, तिथले. आणि गोष्टही घाटाची नव्हे, वस्तऱ्याची.

या मुलखात गावच्या न्हाव्याचे सारे दुकान एका धोकटीत मावत असे. आरसा, वाटी, कात्री, नखे काढायची नराणी आणि वस्तरा. वस्तरा बहुधा स्वस्तातलाच. शेफील्डच्या पोलादाची मिजास खेड्यात कुणाला परवडणार? पण स्वस्त वस्तऱ्याने दाढी वाईट होते, हा समज काही खरा नाही. नरम पोलादाला धार लवकर चढते आणि लवकर उतरते, एवढेच. म्हणून तो आधी दगडावर लावायचा, मग चामड्याच्या पट्ट्यावर परजायचा, आणि तोही पाठ पुढे करून. धार पुढे केली तर पट्टा कापलाच म्हणून समजा! मग नुसत्या पाण्याने केस चोळून मऊ करायचे, डाव्या हाताने कातडी ताणायची. पाते फार उभे धरले तर रक्त निघते, फार आडवे धरले तर केस ओढले जातात. सारी करामत हातात, किमतीत नव्हे.

मोबदला मिळे तो सुगीला, खळ्यावर, धान्याच्या रूपाने. बलुतेदार तो, गिऱ्हाईक निवडण्याची मुभा त्याला कुठली? ब्राह्मणांत आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींत नवरा वारला की बाईची डोई करायला यालाच बोलावीत. तेही एकदाच नव्हे. केस वाढले की पुन्हा, ती मरेपर्यंत. कधी समोर आठ-दहा वर्षांची पोर असे.

याच खंडाळा तालुक्यातल्या नायगावी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले जन्मल्या. या विधवांची दैना त्यांनी व जोतीरावांनी जवळून पाहिली होती. १८६३ साली पुण्यात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. पुढे काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला.

न्हाव्यांच्या संपाचे श्रेय सावित्रीबाईंना देण्याची रीत पडली आहे. त्यांची प्रेरणा मी नाकारत नाही. पण १८९० साली मुंबईत न्हाव्यांची सभा भरली ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, हे विसरू नये. ‘दीनबंधू’ चालवणारे आणि गिरणी कामगारांना संघटित करणारे ते हेच. कित्येक शे कारागीर जमले आणि विधवेच्या केसांना वस्तरा लावायचा नाही असे ठरले. नीट पाहा, ज्याच्या पोटावर पाय येणार होता त्यानेच हे ठरवले. जन्मभर पुरणारे गिऱ्हाईक सोडणे सोपे नसते. सुधारकांनी लेख लिहिले. यांनी मिळकत सोडली.

त्याच साली हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ‘करमणुकी’त क्रमशः येऊ लागली. यमूचे बळाने केलेले केशवपन वाचून पांढरपेशी घरे हळहळली. तरी रूढी काही एका ठरावाने उठली नाही. लाल आलवणातल्या सोवळ्या आज्या विसावे शतक निम्मे सरेपर्यंत घरोघर दिसत, आणि महिन्याकाठी परसदारी कुणी तरी काखेत धोकटी घेऊन येतच असे.