जहाल: एका विशेषणाचा राजकीय प्रवास

'जहाल' हे विशेषण मराठीत विष, मद्य, तिखट आणि औषध यांना लावले जाई. जे जिभेला किंवा आतड्याला पोळते आणि ज्याची मात्रा, म्हणजे घ्यावयाचे प्रमाण, किंचित चुकले तरी अपाय होतो, ते जहाल. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे विशेषण माणसांना चिकटले आणि काँग्रेसमधील टिळकपक्षाचे नाव होऊन बसले.

इंग्रजीत या पक्षाला 'एक्स्ट्रीमिस्ट', म्हणजे टोकाचा, म्हणत. मराठीत तो जहाल झाला, गोखले-मेहतांचा गट 'मवाळ' किंवा 'नेमस्त', म्हणजे बेताने वागणारा, ठरला आणि धोरणाच्या भेदाला स्वभावभेदाची कळा आली. वास्तविक तंटा मुख्यतः साधनांचा होता. १९०६ च्या कलकत्ता अधिवेशनात अध्यक्षपदावरून स्वराज्याचा उच्चार केला तो नेमस्तांनाही वंद्य असलेल्या दादाभाई नौरोजींनी. जहालांचा हट्ट होता तो बंगालच्या फाळणीविरुद्ध उगारलेले बहिष्काराचे अस्त्र त्या प्रांताबाहेरही चालवण्याचा. २ जानेवारी १९०७ रोजी कलकत्त्यातच दिलेल्या भाषणात टिळकांनी ही नावे कालसापेक्ष असल्याचे सांगितले. आजचे मवाळ काल जहालच होते आणि आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील, असा त्यांचा आशय होता.

त्याच वर्षअखेरीस अधिवेशन नागपूरऐवजी सुरतेला भरले. नियोजित अध्यक्ष रासबिहारी घोष यांच्या निवडीवर बोलू द्यावे म्हणून टिळक व्यासपीठावर ठाण मांडून उभे राहिले असता तांबूस कातड्याचा, टोकदार चोचीचा मराठी वळणाचा जोडा सभेतून भिरभिरत आला आणि नेमस्त नेते सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. ब्रिटिश पत्रकार हेन्री नेव्हिन्सन यांनी हा प्रसंग प्रत्यक्ष पाहून नोंदवला आहे. मग खुर्च्या उडाल्या, काठ्या चालल्या आणि काँग्रेस दुभंगली. एका पक्षाच्या नावाला इतका आयता पुरावा क्वचितच मिळाला असेल, मग जोडा फेकणारा हात कोणाचाही असो.

टिळकांचे भाकीत त्यांच्याच अनुयायांवर उलटले. १९२५-२६ मध्ये न. चिं. केळकर प्रभृती टिळकपक्षीयांनी कायदेमंडळात प्रतियोगी सहकारितेचा, म्हणजे सरकार जितके देईल त्या मानाने सहकार्य करण्याचा, पुरस्कार केला, तेव्हा गांधींच्या असहकारापुढे ते मवाळच दिसू लागले. आज वृत्तपत्रांत हे विशेषण भेटते ते बहुधा गडचिरोलीच्या बातम्यांत, शासनाने बक्षीस लावलेल्या 'जहाल नक्षलवाद्या'च्या नावामागे. तेथे त्याला मवाळ असा जोडीदार उरलेला नाही.