खगोलाध्यापनातील संगणकीय गृहपाठ : एक ऐतिहासिक टिपण

अमेरिकेतील महाविद्यालयांत खगोलशास्त्राचा प्रास्ताविक अभ्यासक्रम बहुधा विज्ञानेतर शाखांचे विद्यार्थी घेतात. वर्ग मोठा आणि गणिताची तयारी बेताची. अशा स्थितीत प्रत्येकाचा गृहपाठ तपासणे एकट्या अध्यापकाच्या आवाक्याबाहेरचे ठरते. संगणकीय गृहपाठाचा उगम या अडचणीत शोधण्याचा प्रघात आहे. तो निराधार नाही. परंतु तेवढ्याने या पद्धतीचा पुढील विकास उलगडत नाही.

इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये डोनाल्ड बिट्झर यांनी 'प्लेटो' ही संगणकाधारित अध्यापनयोजना सुरू केली. १९९२ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातील 'कापा' प्रणालीने भौतिकीच्या विद्यार्थ्यांस उदाहरण एकच, पण आकडे निराळे दिले. १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात 'वेबअसाइन' निघाले. या टप्प्यावर यंत्राकडे मुख्यतः परीक्षकाचे काम होते.

खगोलशास्त्राची निकड मात्र वेगळी होती. १९८७ च्या 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' या चित्रपटात हार्वर्डच्या पदवीदान समारंभाप्रसंगी २३ जणांना ऋतूंचे किंवा चंद्रकलांचे कारण विचारले होते; २१ जणांना ते नीट सांगता आले नाही. पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा होतो, ही समजूत त्यांत ठळक होती. वस्तुतः पृथ्वी सूर्याच्या सर्वांत निकट असते ती जानेवारीच्या आरंभी. ऋतू होतात ते अक्षाच्या सुमारे साडेतेवीस अंशांच्या कलामुळे. अशी रुजलेली समजूत केवळ 'चूक' असा शेरा मारल्याने जात नाही.

म्हणूनच नेब्रास्का विद्यापीठाच्या खगोलविषयक प्रतिकृतींत विद्यार्थी स्वतः पृथ्वीला कक्षेत फिरवून सूर्यकिरणांचा बदलता कोन पाहतो. एम.आय.टी. मध्ये डेव्हिड प्रिचर्ड यांच्या 'सायबरट्यूटर'ने चुकलेल्या उत्तरापुढे सूचना व लहान उपप्रश्न ठेवले. 'मास्टरिंग ॲस्ट्रॉनॉमी' ही त्याच परंपरेतील. परीक्षक येथे शिक्षक होऊ लागला.

तथापि २०१० मध्ये प्रिचर्ड व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले, भौतिकीच्या वर्गाविषयीचे संशोधन सावध करणारे आहे. प्रश्न वाचण्यासही अपुऱ्या वेळात आलेल्या उत्तरांवरून त्यांनी नक्कल ओळखली. वारंवार नक्कल करणारे परीक्षेत मागे पडले. ज्या नोंदवहीने गुण दिले, तिनेच गुणांचे वैयर्थ्यही दाखविले. सारांश, यंत्राने अध्यापकाचा तपासणीचा वेळ वाचविला. विद्यार्थ्याचा विचार करण्याचा वेळ वाचविणे हे मात्र त्याचे यश नव्हे.