उमेदवारी आणि दुरुस्ती : नगर जिल्ह्यातील रुग्णालयीन उपकरणांच्या देखभाल-शिक्षणाची पूर्वपीठिका

'उमेदवार' हा शब्द मराठीत फारसीतून आला. 'उमेद' म्हणजे आशा. उमेदवार म्हणजे आशा बाळगून असलेला. एकोणिसाव्या शतकातील कचेऱ्यांत पुढेमागे जागा मिळेल या आशेवर बिनपगारी लेखन करणाऱ्या तरुणास हे नाव असे, आणि त्याच्या त्या प्रतीक्षेच्या काळास 'उमेदवारी' म्हणत. आज या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. एक निवडणुकीतला, दुसरा कायद्यातला. १९६१ चा 'शिकाऊ उमेदवार अधिनियम' हा दुसऱ्या अर्थाचा आधार होय. रुग्णालयातील उपकरणे सांभाळण्याचे व दुरुस्त करण्याचे काम हाताखाली राहून शिकणारा तरुण या दुसऱ्या वर्गात मोडतो. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात या शिक्षणाची पूर्वपीठिका पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

दुरुस्तीचे ज्ञान कोणाजवळ असावे आणि ते वस्तूपासून किती अंतरावर असावे, या प्रश्नास जुन्या गावगाड्याने एक निश्चित उत्तर दिले होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे जे सविस्तर वर्णन आहे, त्यावरून लोहार-सुतारांच्या कामाचे स्वरूप ध्यानात येते. कुणब्याचा नांगर मोडला म्हणजे सुताराने तो नीट करून द्यावयाचा. पाभरीचा फण बोथट झाला म्हणजे लोहाराने तो शेवटून द्यावयाचा. आणि या कामाचा मोबदला त्या त्या वेळी न घेता सुगीच्या वेळी खळ्यावर धान्यरूपाने घ्यावयाचा. आजच्या भाषेत बोलावयाचे तर हा वार्षिक देखभालीचा करारच होय. औत जितके कमी मोडेल तितके सुताराचे श्रम वाचत. म्हणून ते टिकावे यातच त्याचे हित होते. दुरुस्ती करणारा हाकेच्या अंतरावर होता आणि त्याचे पोट त्याच शिवारावर अवलंबून होते. परंतु या व्यवस्थेतील शिक्षण जन्माने ठरे. लोहाराच्या मुलास भात्याजवळ बसण्यासाठी कोणाची परवानगी लागत नसे, आणि इतरांच्या मुलांस ती मिळत नसे. जवळीक होती, पण दार बंद होते.

हे दार किलकिले करण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात दोन बाजूंनी झाले. एक बाजू कायद्याची. १८५० च्या एकोणिसाव्या कायद्याने दहा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांस, विशेषतः अनाथ व धर्मादायावर वाढलेल्या मुलांस, एखादा धंदा शिकण्यासाठी कारागिराकडे जास्तीत जास्त सात वर्षांच्या कराराने ठेवण्याची तरतूद केली. दुसरी बाजू मिशनची. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरास आले. पुढे त्याच्या शैक्षणिक कार्यात औद्योगिक शिक्षणाची भर पडली, आणि सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नावाने नगरास उद्योगशाळा चालली. १८९९-१९०० च्या दुष्काळाने पोरक्या झालेल्या मुलांचा भार मिशनवर पडल्यावर या शिक्षणाची निकड वाढली. याच काळात डी. सी. चर्चिल या अमेरिकन अभियंत्याने नगरास हातमागाच्या सुधारणेचे काम केले. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ते हत्यार नव्हते त्याच्याही हाती ते देता येते, ही गोष्ट या शाळांनी नगरास प्रत्यक्ष दाखविली. ती त्या काळी लहान नव्हती.

मिशनचे स्त्रिया व मुलांसाठीचे रुग्णालयही विसाव्या शतकाच्या आरंभी नगरास उभे राहिले. पुढे ते मुक्तिफौजेकडे गेले. अशा रीतीने एकाच शहरात एकाच संस्थेच्या आश्रयाने उद्योगशाळा आणि रुग्णालय ही दोन्ही नांदली. तथापि रुग्णालयातील उपकरण हा उद्योगशाळेच्या अभ्यासाचा विषय होण्याची वेळ अद्याप आली नव्हती. त्याचे कारण उपकरणांच्या इतिहासात आहे. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, रीव्हा-रोची यांचे रक्तदाबमापक १८९६ चे, भूल देण्याचे बॉईल्स यंत्र १९१७ चे. लहान गावाच्या दवाखान्यात दीर्घकाळपर्यंत चिमटे, कात्र्या, सुया आणि त्या उकळण्याचे भांडे हीच मुख्य सामग्री असे. कात्रीला धार लावणारा व भांड्याला डाग देणारा बाजारात मिळे. वीज आली, तिच्यामागून मोटार, पंप व विद्युत्‌मंडले आली, आणि मग बाजारातील कारागीर अपुरा पडू लागला.

स्वातंत्र्योत्तर काळात या उणिवेस शासनाने दिलेले उत्तर दुहेरी होते. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू होऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आय.टी.आय., स्थापन होऊ लागल्या. वैद्यकीय इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ हा दोन वर्षांचा व्यवसाय या योजनेत पुढे समाविष्ट झाला. दुसरे उत्तर म्हणजे १ मार्च १९६२ पासून अमलात आलेला शिकाऊ उमेदवार अधिनियम. त्याने १८५० च्या कायद्याची जागा घेतली. या अधिनियमान्वये उमेदवार व मालक यांच्यात करार होतो, त्याची नोंदणी होते, उमेदवारास विद्यावेतन मिळते, आणि प्रत्यक्ष कामाबरोबर संबंधित विषयांचे पाठही द्यावे लागतात. १९७३ च्या सुधारणेने पदवी व पदविकाधारक अभियंत्यांचाही त्यात समावेश झाला. मात्र दोन कलमे मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहेत. एका कलमाने उमेदवार हा प्रशिक्षणार्थी ठरतो, कामगार नव्हे. दुसऱ्यानुसार मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर सर्वसाधारणपणे नसते. कचेरीतील जुना उमेदवार आणि अधिनियमातील नवा उमेदवार यांच्यामध्ये शतकाहून अधिक अंतर असले, तरी शब्दातील 'उमेद' दोघांच्याही वाट्यास सारखीच आलेली दिसते.

हा उमेदवार रुग्णालयात काय शिकतो? यंत्रे पुष्कळ असली तरी शिक्षणाची सूत्रे थोडी आहेत. निर्जंतुकीकरणाच्या ऑटोक्लेव्हमध्ये दर चौरस इंचास १५ पौंड दाबाची वाफ १२१ अंश सेल्सियस तापमान देते. परंतु आतली हवा पुरती बाहेर गेली नसेल, तर दाबाचा काटा योग्य आकडा दाखवीत असूनही तापमान कमी राहते. काटा सत्य सांगेलच असे नाही, हा पहिला धडा. सक्शन यंत्राची बाटली भरून द्रव पंपात शिरू नये म्हणून झाकणात झडप असते. ती अडकली तर काही आण्यांच्या वस्तूपायी मोटार जळते. दुरुस्तीहून देखभाल स्वस्त, हा दुसरा धडा. हृदयस्पंदनाच्या आलेखात बारीक दातेरी थरथर उमटली, तर दोष रुग्णाच्या हृदयात नसून बहुधा ५० हर्ट्झच्या घरगुती विजेत, सैल विद्युदग्रात किंवा तुटलेल्या अर्थिंगमध्ये असतो. यंत्राचा विकार आणि माणसाचा विकार वेगळा ओळखता येणे, हा तिसरा धडा. ऑक्सिजन व नायट्रस ऑक्साइड यांच्या सिलिंडरांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांच्या जोडांवरील खिळ्यांची जागा निराळी ठेवलेली असते. जोड बसत नाही म्हणून खिळा कापून टाकणारा शिकाऊ हुशार नव्हे, घातक ठरतो. काय दुरुस्त करावयाचे नाही हे कळणे, हा चौथा आणि कदाचित सर्वांत अवघड धडा. क्ष-किरण यंत्राच्या बाबतीत ही मर्यादा कायद्यानेच आखली आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अधिकृत सेवासंस्थेवाचून त्यास हात लावता येत नाही.

याशिवाय एक भाषिक शिक्षणही घडत असते. परिचारिका सांगते, 'मशीन ओढत नाही', 'मशीन शॉक मारते', 'आकडा स्थिर राहत नाही'. या तक्रारी अडाणीपणाच्या नव्हेत. त्या निरीक्षणे आहेत. 'ओढत नाही' या दोन शब्दांत नळी फाटली, झाकण सैल झाले, गाळणी तुंबली व पंप झिजला या चार शक्यता दडलेल्या असतात, आणि त्या स्वस्तापासून महागाकडे या क्रमाने तपासावयाच्या असतात. पुस्तिका इंग्रजीत, तक्रार मराठीत आणि दोष या दोहोंच्या पलीकडे यंत्रात, अशी ही त्रिस्थळी यात्रा उमेदवारास रोज करावी लागते. ती पुस्तकातून शिकविता येत नाही. वॉर्डात उभे राहूनच शिकावी लागते.

या विधानास जिल्ह्यातच पुष्टी मिळते. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रकल्पाची ख्याती मुख्यतः ग्राम-आरोग्य सेविकांमुळे आहे. ज्यांपैकी पुष्कळींना अक्षरओळख नव्हती अशा स्त्रिया ठरावीक दिवशी केंद्रात येऊन शिकत आणि शिकलेले गावी नेत. त्याच आवारात जयपूर पाय व कॅलिपर तयार करण्याची कार्यशाळाही उभी राहिली. जयपूर पायाचा इतिहासही येथे बोधप्रद आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो मिळून घडविला. रबर, लाकूड व धातूचा पत्रा ही त्याची सामग्री. मांडी घालणे, उकिडवे बसणे, अनवाणी चालणे ही त्याची कसोटी. अशा साधनाची झीज शेतकऱ्याच्या पायाखाली होते, म्हणून त्याची डागडुजीही त्याच्या पोचण्याजोग्या अंतरावर असावी लागते. जामखेडच्या कार्यशाळेचे महत्त्व यात आहे की तेथे बलुतेदारीतील जवळीक जन्माच्या अटीवाचून साध्य झाली.

यानंतरचा टप्पा वेगळ्या दिशेचा आहे. २०१५ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत जैववैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम आखला. त्यापूर्वी झालेल्या मोजणीत २९ राज्यांतील २९,११५ आरोग्यसंस्थांत ७,५६,७५० उपकरणे आढळली. आणि राज्याराज्यांनुसार त्यांतील १३ ते ३४ टक्के बंद होती. कार्यक्रमाने देखभाल एकत्रितपणे सेवासंस्थांकडे सोपविण्याची दिशा घेतली आणि उपकरणे चालू राहण्याचे प्रमाण ठरविले : जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयाच्या स्तरावर ९० टक्के, प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के. नादुरुस्त उपकरणांची प्रथमच गणती झाली, हा या योजनेचा मोठाच गुण होय. परंतु टक्केवारी दिवसांत मांडून पाहिली म्हणजे तिचा अर्थ उलगडतो. ९५ टक्के म्हणजे वर्षातून सुमारे १८ दिवस बंद. ८० टक्के म्हणजे ७३ दिवस बंद. सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरच्या, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात अकोल्याच्या डोंगरातील आरोग्य केंद्राचे यंत्र ७३ दिवस बंद राहिले, तरी कागदोपत्री कोणाचीही चूक होत नाही. बलुत्याच्या सुताराला अशी सवलत नव्हती. पेरणी ७३ दिवस थांबत नसे.

२०२१ या वर्षाने या प्रश्नाची किंमत महाराष्ट्रास दाखविली. ९ जानेवारीस भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षास आग लागून १० बालके दगावली. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीस गळती होऊन पुरवठा खंडित झाला व २२ रुग्ण मृत्यू पावले. ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागास आग लागली आणि त्या दिवशी ११ रुग्ण प्राणास मुकले. या घटनांची कारणे व जबाबदाऱ्या निराळ्या आहेत. त्यांचा निवाडा हा इतिहासनिबंधाचा विषय नव्हे. मात्र तार, झडप, जोड आणि अर्थिंग हीदेखील उपचाराचीच अंगे आहेत, हे यानंतर कोणास सिद्ध करून दाखविण्याचे कारण उरले नाही.

या सर्व विवेचनातून एक गोष्ट निष्पन्न होते. बलुतेदारीत दुरुस्ती करणारा जवळ होता, पण ती विद्या जातीत कोंडलेली होती. उद्योगशाळेने व अधिनियमाने विद्या खुली केली, पण ती रुग्णशय्येपासून दूर राहिली. सेवा-कराराने जबाबदारी मोजता येऊ लागली, पण अंतर आणखी वाढले. जवळीक, खुलेपणा आणि मोजता येणारी जबाबदारी ही तिन्ही एकत्र येण्याची जागा एकच दिसते : रुग्णालयातच, अनुभवी तंत्रज्ञाच्या हाताखाली चालणारी उमेदवारी. तिच्या शेवटी नोकरीची निश्चिती नसेल, तर शिकलेला हात शहराकडे जाईल आणि अकोल्याचे यंत्र पुन्हा वाट पाहत राहील. 'उमेदवार' या शब्दात आशा शिकणाऱ्याची आहे. या व्यवसायात मात्र ती त्या यंत्रावर श्वास अवलंबून असलेल्या रुग्णाचीही असते.