जाते थांबल्यानंतर

महागावच्या आमच्या घरात ओसरीच्या कोपऱ्यात एक जाते पडून आहे. खुंटा केव्हाच निघून गेला, वरच्या दगडावर आता पाण्याची घागर असते. दादीला त्यावर ज्वारी दळताना मी पाहिले नाही, तिच्या तळहातांचे घट्टे तेवढे पाहिले. अम्मीच्या वाट्याला चक्की आली. डब्यातून धान्य न्यायचे, घटकाभरात पीठ घरी. त्या चक्कीला घरातल्या बायकांनी दुवा दिली असेल, तर त्यात नवल नाही.

नेवाशाच्या उत्खननात सातवाहनकाळातली फिरती जाती सापडली. म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षे आपल्या बायका हा दगड फिरवत होत्या. जनाबाईच्या अभंगांत जाते आहे. सतराव्या शतकात विजापूरच्या सूफींनी दखनीत चक्कीनामे लिहिले, ते बायकांनी दळताना म्हणावेत म्हणूनच. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. कवी म्हणून मला हे धन मोठे वाटते. पण ओवीचे कौतुक करताना आपण घाम विसरतो. आणि तो घाम एकाच पिढीत थांबला.

मागच्या वर्षी माझ्या आपाच्या रक्तात साखर निघाली. वय साठीच्या पुढे, अंगाने काडी. घरात कुणाचा विश्वास बसेना. साखर जाड माणसाला होते, अशी आमची समजूत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ही समजूत केव्हाच मोडली आहे. २००४ साली त्यांचे आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा आकडा दोघांचाही २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के!

पाळी गेली की बाईच्या शरीरातले इस्ट्रोजेन उतरते. चरबी पोटाकडे सरकते, स्नायू झिजतात, इन्सुलिनचे काम मंदावते. श्रमाच्या वेळी मात्र स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. जात्यावर हे रोज पहाटे आपोआप होत होते.

विज्ञानालाही बाई उशिराच दिसली. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसमधले बैठे चालक आणि जिने चढणारे वाहक यांची तुलना केली. चालकांना हृदयविकार जास्त निघाला. पण मोजले ते सारे पुरुष. पाळी गेलेल्या, बैठ्या, वजनदार ४६४ बायकांवर अमेरिकेत डॅलसला अभ्यास झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. व्यायामाचा जोर सगळ्यांचा सारखाच, मध्यम. वेळ तेवढी कमीजास्त. सहा महिन्यांत वजनात गटागटांत फारसा फरक पडला नाही. दमसास मात्र आठवड्याला सरासरी ७२ मिनिटे करणाऱ्यांचाही वाढला, आणि जास्त वेळ करणाऱ्यांचा आणखी वाढला.

जोर किती असावा, याची एक सोपी खूण डॉक्टर सांगतात. बोलता यावे, पण गाता येऊ नये. हे ऐकून मी चमकलो. मग जात्यावर गाणे कसे व्हायचे? आपाने दादीकडून ऐकलेले सांगितले: दोघी समोरासमोर बसत, एक म्हणे तेव्हा दुसरी दम घेई. ओवीच्या ओळी आखूड का, याचे उत्तर मला छंदशास्त्राच्या पुस्तकात असे मिळाले नव्हते.

उन्हात कापूस वेचणाऱ्या बाईला यातले काही सांगण्याची माझी हिंमत नाही. तिला हवी आहे विश्रांती आणि पोटभर जेवण. प्रश्न आहे तो आपासारखीचा, जिचे कष्टाचे काम गेले आणि त्या जागी काही आले नाही.

मी आपाला म्हटले, रोज सकाळी झपाझप चालत जा. ती म्हणाली, “सारी उमर काम पे चली. अब बिनाकाम चलूँ तो लोगां क्या बोलेंगे?”

आता ती रोज फजरनंतर उमरखेड रस्त्याने जाते. हातात दळणाचा डबा असतो. चक्की उलट्या दिशेला आहे.