मोगल तसबिरींतील दाढी व केस

तसबिरीची परीक्षा करतांना संग्राहकांची दृष्टि पगडी, शस्त्रें व नांवाचा लेख यांवर जाते. दाढीकडे दुर्लक्ष होतें. मोगल चित्रशाळेंत चेहऱ्याची बाह्यरेषा चरब्यावरून घेत: हरणाच्या पातळ कातड्यावर रेषा टोंचून कोळशाची पूड झाडली कीं खाका कागदावर उमटे. एवढें शिकाऊसही साधे. केस मात्र, खालीं फिका रंग देऊन, खारीच्या शेपटीच्या बारीक कलमानें एकेक काढावे लागत. चेहऱ्यांतील डोळा व भुंवई दुसऱ्या चिताऱ्यानें काढली असल्यास ती कोणाची हें आपण ओळखतों, असें जहांगीर बादशहानें इ. स. १६१८ मध्यें आत्मवृत्तांत नमूद केलें आहे. गालाच्या कडेस केस विरळ होत त्वचेंत मिसळत असल्यास तो कसलेला हात समजावा. कड सरसकट काळी असल्यास नकलेचा वा मागाहून केलेल्या डागडुजीचा संशय धरावा. नांव पुढें कोणीही घालूं शकतो. यास्तव निर्णयापूर्वीं दाढी भिंगाखालीं अवश्य पाहावी.