खुर्चीखालचा गठ्ठा

आंबिवलीहून कल्याण म्हणजे गाडीने दुसरेच स्थानक. मध्ये फक्त शहाड. तरी लहानपणी फेरफाराची एक नक्कल आणण्यासाठी वडिलांबरोबर एका सरकारी कार्यालयात मी चार खेपा घातल्या. चौथ्या खेपेला कारकून उठला, खुर्चीखालचा फडक्यात बांधलेला गठ्ठा त्याने सोडला आणि कागद निघाला! वडील त्याच्यावर चिडले होते. मला आठवते ती त्याची बसायची जागा. दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटे, खिडकी कपाटाने झाकलेली, समोर कागदांची भिंत आणि त्या भिंतीवरून वाकून बोलणारी माणसे.

अलीकडे मोठ्या कंपन्या 'कर्मचाऱ्याचा अनुभव' लक्षात घेऊन कार्यालयांची मांडणी बदलतात. हे काही परदेशातून आलेले नवे खूळ नव्हे. 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात अनिलकुमार लखिना हे अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी होते. त्यांनी आपल्या कार्यालयाकडे तिथे दिवसभर बसणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहिले. काम रखडते ते कारकून आळशी म्हणून, हे उत्तर सोपे असते. पण हवा तो कागद हाताशी नसेल, आपले काम नेमके कोणते हे लिहून दिलेले नसेल आणि प्रत्येक सहीसाठी वर जावे लागत असेल, तर कामसू माणूसही रखडणारच.

म्हणून सुरुवात झाली ती कागदांपासून. जुने दप्तर छाटले, उरलेले लावून ठेवले. कामाची वाटणी स्पष्ट केली, काही निर्णयांचे अधिकार खाली दिले, बसण्याची व्यवस्था बदलली आणि येणाऱ्या लोकांना एका ठिकाणी माहिती मिळेल असे केले. हीच पद्धत पुढे 'लखिना पॅटर्न' या नावाने राज्यभर गेली. आपल्या सरकारी कार्यालयांत सांगितली जाणारी सहा गठ्ठ्यांची पद्धतही याच जातीची आहे. चालू प्रकरणे, उत्तराची वाट पाहणारी, ठरावीक काळाने पाठवायची विवरणपत्रे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची, असे वेगवेगळे गठ्ठे. शाळेच्या कार्यालयातले कपाट उघडून पाहावे. यांतले किती गठ्ठे एकत्र बांधलेले आहेत ते लगेच कळेल.

आता विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पडणारी शंका. एकाच वेळी इतक्या गोष्टी बदलल्या, तर गुण कशाचा? शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1924 पासून दिव्यांचे प्रयोग झाले. प्रकाश वाढवला तरी उत्पादन वाढले आणि कमी केला तरी वाढले, असे पुस्तकांतून सांगितले जाते; आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे या जाणिवेचा हा परिणाम, असा त्याचा अर्थ लावला गेला. पण 2011 मध्ये लेव्हिट आणि लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी मूळ आकडे पुन्हा तपासले, तेव्हा ही गोष्ट सांगितली जाते तितकी पक्की निघाली नाही. नगरचा बदल प्रयोगशाळेतला नव्हता, त्यामुळे तिथे नेमके श्रेय वाटता येणार नाही. तरीही माझा कौल टेबलांपेक्षा कागद आणि अधिकार यांना आहे.

कारण फर्निचर नेण्यास सोपे असते. अमेरिकेत रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी 1960 च्या दशकात बसून-उभे राहून काम करता येईल, माणसाला मोकळीक मिळेल अशी मांडणी आखली. कंपन्यांनी तिच्यातून कमी जागेत जास्त माणसे बसवणारे खुराडे तेवढे उचलले. पुढे भिंतीच काढून टाकण्याची लाट आली. 2018 मध्ये बर्नस्टाइन आणि टर्बन यांनी अशा दोन कार्यालयांत मोजमाप केले. समोरासमोरचे बोलणे वाढण्याऐवजी सुमारे 70 टक्क्यांनी घटले होते. सगळ्यांच्या नजरेसमोर बसवल्यावर माणसे निरोपांच्या आड गेली.

लखिना पॅटर्नचेही अनेक ठिकाणी असेच झाले. साहेबाची बदली झाली की नवे काउंटर आणि खुर्च्या राहत, अधिकार मात्र पुन्हा वर जात.

डिजिटल सहीचा सातबारा आता आंबिवलीत घरबसल्या मिळतो. जुन्या फेरफारासाठी मात्र कधीकधी अजून अभिलेख कक्षापर्यंत जावे लागते. गेल्या वर्षी मी गेलो होतो. कागद वीस मिनिटांत मिळाला. तिथल्या बाईंनी यादी स्वतः तयार केली होती, शाळेच्या दोनशे पानी वहीत.